सोलापूरचा माणूस, थंडीची सवय नाही, ऑक्टोबरमध्ये हॉलंडला चाललोय. तिकडं विंडसर्फिंग करताना हात गरम कसे ठेवायचे?

मीपण सोलापूरचाच ओ. कामानिमित्त अडीच वर्षं हॉलंडला होतो, तिथंच हा शिडाच्या फळीवर उभं राहून वाऱ्यानं पाण्यावर पळायचा नाद लागला. आपली थंडी म्हणजे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जाताना कपाटातनं स्वेटर काढायचा, एवढीच, त्यामुळं तुमची भीती बरोबर आहे.

मी आयसलमेअरवर शिकलो. 1932 साली समुद्राच्या तोंडाला बांध घालून केलेलं गोड्या पाण्याचं तळं आहे ते, लांबून बघितलं तर उजनीचा फुगवटाच वाटतो, पण उथळ आहे म्हणून हवा गार झाली की पाणीपण लगेच गार.

पहिली चूक मी ही केली की दुकानातले सगळ्यात जाड ग्लोव्हज घेतले. वाटलं जाड म्हणजे गरम, आपल्या चादरीसारखं. पण तसं नसतं बघा. बूम, म्हणजे शिडाचा जो आडवा दांडा धरायचा असतो, तो जाड ग्लोव्हजमुळं मुठीत नीट बसत नाही, मग आपण अजून आवळून धरतो, मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड होतो आणि रक्त बोटांपर्यंत पोचतच नाही. वीस मिनिटांत बोटं गेली माझी. बाहेर आलो तर वेटसूटच्या, म्हणजे पाण्यात अंग गरम ठेवणाऱ्या रबरी सूटच्या, पाठीवरच्या चेनची दोरी धरता येईना, शेवटी कुत्रं फिरवायला आलेल्या एका आजीबाईंनी ओढून दिली. लाज वाटली पण काय करणार.

नंतर तळव्याला उघडे असतात तसले मिटन्स घेतले. बोटं वरनं झाकलेली, दांडा मात्र उघड्या हातानं धरायचा. फरक पडला. पण खरा फरक पडला डोक्यावरच्या हूडनं. हे कुणी सांगत नाही. अंग गार पडायला लागलं की शरीर आतलं काळीज-बिळीज सांभाळायला बोटांकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, म्हणून आधी अंग गरम पाहिजे. सूट 5/4 चा घ्या, म्हणजे छातीला 5 मिलिमीटर आणि हातापायाला 4. आणि हार्नेस, म्हणजे कमरेला बांधून बूमला अडकवायचा पट्टा, लवकर शिका, शिडाची ओढ कमरेवर जाते, हात नुसते ठेवल्यासारखे राहतात.

सुरुवातीला दहा मिनिटं जाऊन परत काठावर या. बधिर हात जिवंत होताना मिरच्या ठेचल्यावर झोंबतात तसे झोंबतील, डोळ्यात पाणी येतं अक्षरशः, पण माझा अनुभव असा की दुसऱ्यांदा गेल्यावर तेवढा त्रास होत नाही. काठावर आलात की हात खांद्यापासून गोल गोल जोरात फिरवा, रक्त बोटांच्या टोकापर्यंत ढकललं जातं. हे मी अजून करतो. मागच्या डिसेंबरात पहाटे गाडीवर हुरड्याला चाललो होतो, हिप्परग्याच्या तलावाजवळ थांबून हात फिरवत होतो तर चहावाला म्हणतो, काय ओ, मुंग्या चढल्या का?

थर्मासमध्ये कोमट पाणी न्या, ग्लोव्हज घालायच्या आधी आत ओता. कोमटच हं, कढत नाही, बधिर हाताला भाजलेलं कळत नाही. आणि अंग थडथडायला लागलं तर अजून एक फेरी वगैरे नाही, सरळ बाहेर.

सामान इथनं नेऊ नका, तिकडंच घालून बघून घ्या. मनगटाला घट्ट बसणारं काही घेऊ नका, नाहीतर परत तेच, रक्त अडणार.