मेटल क्लेचं सर्टिफिकेट घ्यायचंय म्हणतेस, त्याबद्दल थोडं

तुझा मेसेज वाचला. मेटल क्ले म्हणजे धातूच्या पुडीचा मऊ लगदा, त्याला आकार देऊन भाजला की धातूचा दागिना उरतो, आणि ते शिकून तुला दागिने करायचेत. त्यात तू सगळ्यात आधी विचारलंस की कुठलं सर्टिफिकेट घेऊ, आणि क्ले कुठला घेऊ हे शेवटी विचारलंस. मला हा क्रम उलटा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते, जरा लांबेल पण सावकाश वाच.

अगं या धंद्यात असं कुठलंच लायसन्स नाहीये की जे नसेल तर तुला दागिने करून विकता येणार नाहीत. डॉक्टर-वकिलांसारखी परिषद वगैरे काही नाही. जे काही आहे ते बहुतेक क्ले बनवणाऱ्या कंपन्यांनी, नाहीतर त्यांच्या भोवती जमलेल्या लोकांनी उभं केलेलं आहे, आणि त्याचं कारण समजून घेतलंस तर सर्टिफिकेटची किंमत आपोआप कळेल. मेटल क्ले हा प्रकारच मुळात फार जुना नाही. 1990 च्या आसपास जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्समध्ये मासाकी मोरिकावा यांनी चांदीची बारीक पूड, सेंद्रिय बाइंडर आणि पाणी असं मिसळून मऊ क्ले केला, तोच पुढे पीएमसी (प्रेशियस मेटल क्ले) म्हणून विकला गेला. मग आइडा केमिकल नावाच्या दुसऱ्या जपानी कंपनीने आर्ट क्ले आणला. आता विचार कर, नवीन माल आहे, सोनार त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत कारण त्यांच्या हाताला पत्रा आणि तार माहीत, मग हा माल खपणार कसा? तर शिकवणारे तयार करून! म्हणून आर्ट क्लेच्या पायऱ्या झाल्या, लेव्हल 1, लेव्हल 2, मग सीनियर इन्स्ट्रक्टर, मास्टर इन्स्ट्रक्टर. पीएमसीवाल्यांकडेही तसंच काहीसं. आणि सर्टिफिकेट घेतलं की क्लेच्या खरेदीवर डिस्काउंट, हे तर जवळजवळ ठरलेलंच. मी त्याला वाईट म्हणत नाही हं, त्या कोर्समध्ये ठरावीक दागिने करावेच लागतात आणि त्यातून हात बसतो. पण सर्टिफिकेट म्हणजे अर्धं शिक्षण आणि अर्धं गिऱ्हाईक कार्ड, एवढं मनात पक्कं ठेव.

शिवाय कंपनीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या गोष्टी कंपनीच्या हिशोबाने चालतात. अमेरिकेत टिम मॅक्रायट या धातूकाम करणाऱ्या कारागिरांनी पीएमसी पसरवायला खूप केलं, पीएमसीचं एक गिल्ड, म्हणजे संघटना होती, भरपूर लोक तिचे मेंबर होते, आणि ती पुढे बंद झाली. कागद राहिला, देणारं राहिलं नाही. त्याच मंडळींमधून निघालेली मास्टर्स रजिस्ट्रीची कल्पना मला जास्त आवडायची, तिथे कोर्सला किती तास बसलात हे कोणी बघायचं नाही, तुम्ही केलेली कामं पाठवायची आणि परीक्षक ती तपासणार. कोर्स निवडताना हाच फरक बघत जा, हजेरीचा कागद मिळतो की कामाचा.

बरं, मग शिकायचं काय. माझं मत विचारशील तर मेटल क्लेमध्ये खरी लायकी एकाच ठिकाणी कळते आणि ती म्हणजे भाजणं. लाटणं, टेक्स्चर उमटवणं, कटरने आकार कापणं हे तू व्हिडिओ बघून आठवड्याभरात करशील, खोटं नाही सांगत. जाडी सारखी यावी म्हणून दोन्ही बाजूला पत्त्यांची चळत ठेवून लाटायचं, हाताला आणि रोलरला किंचित तेल, क्ले उघडा टाकला की सुकतो म्हणून पटापट काम, एवढंच. सुकल्यावर पॉलिश पेपरने कडा साफ करायच्या, आणि हे मात्र मन लावून कर, कारण सुकलेल्या क्लेवर पाच मिनिटांत होणारी सफाई भाजल्यावर कानशीने करायला तासभर लागतो.

पण भट्टीच्या आत काय होतं ते डोळ्यांना दिसत नाही ना, गोची तिथे आहे. बाइंडर जळून जातो आणि मग चांदीचे कण वितळण्याच्या खालच्याच तापमानाला एकमेकांना चिकटून घट्ट होतात, याला सिंटरिंग म्हणतात. चांदी साधारण 962 अंश सेल्सियसला वितळते. आर्ट क्लेची कमी तापमानाची चांदी 650 अंशांवर अर्धा तास ठेवली तरी चालते असं पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि चालतेही, पण 900 अंशांवर दोन तास ठेवलेला तुकडा आणि हा तुकडा यांच्या मजबुतीत फरक पडतो. दोन्ही दिसायला मात्र सेम! भट्टीतून पांढरे फटक बाहेर येतात, पितळी ब्रश मारला की दोन्ही चमकतात, फोटोत तर काहीच कळत नाही. कच्चा राहिलेला दागिना गिऱ्हाइकाकडे जाऊन महिन्याभराने तुटतो. म्हणून प्रत्येक वेळी भट्टी लावताना त्याच क्लेची, त्याच जाडीची एक पट्टी सोबत टाकायची आणि थंड झाल्यावर पकडीने वाकवून बघायची. वाकली तर ठीक, चिरली किंवा कटकन तुटली तर सगळा माल परत भट्टीत. आणि हे वहीत लिहायचं, क्ले कुठला, जाडी किती, तापमान, वेळ, भट्टीत तुकडा कुठे ठेवला होता, आकसला किती. ही वही पुढे तुझं सर्टिफिकेट होणार आहे असं समज, खरंच.

आकसण्याचं पण लिहितेच, कारण नवीन मुलं इथे हमखास फसतात. पहिल्या पीएमसीमध्ये आकार पाव भागाहून जास्त कमी व्हायचा, आताच्या चांदीच्या क्लेमध्ये 8 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असतं, ब्रँडप्रमाणे वेगळं. त्यामुळे अंगठी दोन-तीन साइझ मोठी करायची आणि भाजताना आत मापाची गोळी (अंगठीच्या मापाचा, भट्टीत टिकणारा साचा) ठेवायची म्हणजे अंगठी त्याच्यापेक्षा लहान होत नाही. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नकोस, स्वतः बरोबर 10 सेंटिमीटरची पट्टी कापून भाज आणि मोज.

गॅसच्या टॉर्चने, म्हणजे ज्वाळेने, भाजणं शिकून घे पण त्यावर धंदा उभा करू नकोस. छोटं पेंडंट, कानातलं, ठीक आहे. आधी धूर आणि ज्वाळा येते तो बाइंडर, मग तुकडा फिकट केशरी चमकायला लागतो आणि तो रंग दोन मिनिटं धरून ठेवायचा, जास्त तापवलंस तर पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो, म्हणजे वितळायलाच लागला, हात लगेच मागे. हे समोर उभं राहून कोणीतरी दाखवलं तरच नीट कळतं, व्हिडिओत कॅमेरा तो रंग भलताच दाखवतो. म्हणून पहिला पैसा मोठ्या सर्टिफिकेट कोर्सवर घालण्यापेक्षा एक-दोन दिवसांच्या समोरासमोरच्या क्लासवर घाल, आणि तो असा निवड की जिथे भाजणं तुला स्वतःच्या हाताने करायला मिळेल. बऱ्याच ठिकाणी शिकवणारे संध्याकाळी सगळ्यांचे तुकडे गोळा करतात, रात्री भट्टी लावतात आणि सकाळी चमकवून हातात देतात. विद्यार्थी खूश. शिकलं काय, तर लाटणं.

त्यानंतर स्वस्त क्लेवर भरपूर हात चालव. चांदीचा क्ले वजनाला साध्या चांदीच्या पत्र्यापेक्षा बराच महाग पडतो, त्याच्यावर प्रयोग करणं परवडत नाही. 2008 मध्ये बिल स्ट्रूव्ह यांनी ब्रॉन्झचा क्ले बाजारात आणला आणि मग तांब्याचाही आला. पण एक सांगते, स्वस्त म्हणजे सोपा नव्हे. ब्रॉन्झ आणि तांबं हवेत तापलं की ऑक्सिडाइज होतं, म्हणून बहुतेक ब्रँडचा क्ले स्टीलच्या डब्यात ॲक्टिव्हेटेड कार्बनमध्ये पुरून भाजावा लागतो, त्याला टॉर्च चालत नाही, भट्टीच हवी, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला वास नसतो. खोलीत हवा खेळती हवीच, झोपायच्या खोलीत भट्टी अजिबात नाही. जो क्लास याबद्दल पहिल्या तासात बोलत नाही तिथून सरळ उठून ये. मी इतकंच म्हणेन की ब्रॉन्झ ज्याला नीट भाजता येतं त्याला चांदीची भीती राहत नाही.

आता तुला न आवडणारी गोष्ट. मेटल क्ले शिकून तू दागिने घडवणारी होशील, पण फक्त मेटल क्ले शिकून नाही. साध्या सोनारकामाचा एखादा बेसिक कोर्स कर, करवतीने पत्रा कापणं, कानस धरणं, डाग लावणं (म्हणजे सोल्डरिंग), कोंदण बसवणं. का? तर क्लेची चांदी सहसा भाजून 999 (म्हणजे 99.9 टक्के) शुद्ध होते आणि शुद्ध चांदी मऊ असते, वर क्लेमध्ये थोडीफार सच्छिद्रता राहतेच, त्यामुळे बारीक हुक, पातळ अंगठी, खडा धरणारे नाजूक दात हे क्लेमध्ये करू नये, तारेचं करून जोडावं. जोडताना पण ती जागा आधी घासून दाबून घट्ट केली नाहीस तर डाग आत शोषला जातो आणि जोड बसतच नाही. 925 (म्हणजे 92.5 टक्के) चांदीची तयार कडी क्लेमध्ये रोवून भाजलीस तर ती ठिसूळ होते, तिथे शुद्ध चांदीचीच तार हवी. मोती, ओपल, फिरोजा भट्टीत घालायचेच नाहीत, क्यूबिक झिरकोनियाचे बरेच खडे टिकतात पण तेही आधी एकटे भाजून बघावेत. हे सगळं ज्याला सोनारकाम येतं त्याला पटकन समजतं, आणि खरं सांगू का, दागिन्यांच्या डिप्लोमाला जगात कुठेही जास्त मान आहे, त्यात पुढे क्लेची एखादी लेव्हल जोडली तर ती शोभते, उलटं तितकंसं शोभत नाही.

म्हणजे मग सर्टिफिकेट घ्यायचंच नाही का? घे की, शिकवायचं असेल तर जरूर घे. शिकवताना लोक विचारतात, दुकानं विचारतात, आणि ब्रँडचा माल सवलतीत मिळाला की क्लासचं गणित बसतं. पण दागिने विकणार असशील तर गिऱ्हाईक सर्टिफिकेट बघत नाही, त्याला हवं असतं ते शुद्धतेचं. हॉलमार्कचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, तुझ्याकडचे आधी वाच आणि मगच 999 चा शिक्का मार. आणि बाजारातल्या तयार टेक्स्चर शीट वापरून केलेलं काम स्वतःचं डिझाइन म्हणून विकू नकोस, काही शीट बनवणारे व्यावसायिक वापराला अटी घालतात, ते बघून घे.

शिकवायची घाई तर मुळीच नको. ऑनलाइन लोक आज लेव्हल 1 करतात आणि पुढच्या महिन्यात क्लासची जाहिरात टाकतात, त्यावर मी काही बोलत नाही. समोर बसलेल्याचा तुकडा का तुटला हे त्याच्या पट्टीकडे बघून सांगता आलं पाहिजे, पूर्ण सुकला नव्हता का, चिरेत क्लेची पेस्ट भरलीच नव्हती का, की भट्टीचा मीटरच चुकीचं तापमान दाखवत होता. हे सांगता यायला लागलं की शिकव.

तू ज्या दोन कोर्सची नावं पाठवलीस त्यांना पैसे भरायच्या आधी फोन करून एवढं विचार की भट्टी मी स्वतः लावणार का, तुकडा फसला तर परत करायला माल देणार का, आणि कागदावर कंपनीचं नाव असेल की संस्थेचं. काय उत्तर देतात ते मला कळव, भट्टी कुठली घ्यायची ते त्यानंतर बघू.