एकच मॅच शंभर घरांत: हे शिकायला मुलाला पाठवावं का?

मोर्शी तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्सला. सुट्टीत गावातल्या केबलवाल्यासोबत वायर ओढतो आणि ‘एकच मॅच इतक्या घरांत एकदम कशी पोचते, मला तेच शिकायचं’ म्हणतो. वडिलांना काळजी वाटते, पोरगा केबलवालाच होऊन बसेल का?

भाऊ, तुमची संत्र्याची बाग आहे, म्हणून ठिबकचंच बोलतो. झाडागणिक विहिरीपासून वेगळी नळी कोणी टाकत नाही. मेन लाइन एकच, जिथं झाडं तिथंच फाटा. संगणकाच्या जाळ्यात याला मल्टिकास्ट म्हणतात. पाठवणारा डेटा एकदाच सोडतो. वाटेतले राउटर (डेटाला वाट दाखवणारी यंत्रं), ज्यांनी मागितला त्यांच्याच दिशेला, त्याच्या प्रती काढतात. संगणकशास्त्रज्ञ स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ साली याचे नियम मांडले. २२४ ते २३९ ने सुरू होणारे आयपी पत्ते (जाळ्यातले अंकी पत्ते) यासाठीच राखून ठेवले आहेत.

खरी गंमत अडचणीत आहे. वाटेत डेटाचं एखादं पॅकेट, म्हणजे छोटा तुकडा, हरवलं, तर पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही. आणि हजार जणांनी एकदम ‘पोचलं नाही’ असं कळवलं, तर त्या निरोपांनीच तो गुदमरतो. शेअर बाजाराचे भाव, आयपीटीव्हीचे (संगणकाच्या जाळ्यातून येणाऱ्या टीव्हीचे) चॅनेल असेच जातात, तिथं ही जाळी आखणारी माणसं लागतात. खुल्या इंटरनेटवर मात्र मल्टिकास्ट फारसं चालत नाही. मोबाइलवरची मॅच सहसा जवळच्या सर्व्हरवर ठेवलेल्या प्रतीतून प्रत्येकाला वेगळी येते. ती पद्धत म्हणजे सीडीएन. मुलाला दोन्ही यायला हवं.

यंदा एमएचटी-सीईटी नीट द्यायला लावा. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीत कॉम्प्युटर, आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन, कुठलीही शाखा चालेल. नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी जेईई मेन लागते. गणित सोडू देऊ नका. फाटे कुठे फोडायचे, हा शेवटी गणिताचाच प्रश्न आहे.

परीक्षा झाली की केबलवाल्याकडून एक नेटवर्क स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा) आणि तीन कॉम्प्युटर मागून घ्यायला सांगा. एकावरून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने २३९ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर व्हिडिओ सोडायचा, बाकी दोघांवर बघायचा. पाठवणाऱ्यावर वायरशार्क हे पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून पॅकेट मोजायची. दुसरा बघणारा जोडला तरी पाठवण्याचा वेग वाढत नाही. तेव्हा तुम्हीही त्याच्या शेजारी बसा. मेन लाइन तशीच आणि झाडं वाढली, हे तुम्हाला त्याच्याआधी कळेल.