वैयक्तिक वेबसाइटसाठी अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा रंग कसा निवडावा? डार्क ठेवू का?

डार्कचं नंतर सांगतो. आधी एवढं करा, की मजकुराला फिकट राखाडी रंग देऊ नका. 'एलिगंट दिसतं' असं कोणी कितीही सांगो.

माझी किल्ल्यांच्या भटकंतीची छोटीशी वेबसाइट आहे. पायथ्याचं गाव, एसटीच्या वेळा, कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे, असलं सगळं. पांढऱ्यावर काळी अक्षरं होती. माझा मेहुणा डिझायनर. त्याला ती तलाठ्याच्या नोटिशीसारखी वाटली, म्हणून हौसेनं नवी करून दिली. अक्षरांना हॅश ९९९९९९ (वेबवर रंग असे कोडने सांगतात, हा फिकट राखाडी), वर फाँटही लाइट, म्हणजे बारीक रेषांचा. त्याच्या मॉनिटरवर सुरेख दिसायची, नाही म्हणत नाही. मग मे महिन्यात राजगडला गेलो, तोही होता. गुंजवण्यात उतरल्यावर चोर दरवाजाची वाट वाचायला साहेबांनी मोबाइल काढला. ब्राइटनेस पूर्ण, वर हाताची सावली, स्क्रीन तिरकी करून झाली. शेवटी म्हणतो, "दाजी, तोंडीच सांगा ना!" घरी आल्यावर मात्र म्हणे, ऊन हा एज केस आहे, म्हणजे क्वचितच येणारी अडचण. महाराष्ट्रात!

आता आकडे. वेबसाइट सगळ्यांना, कमी दिसणाऱ्यांनाही, वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे निकष आहेत. त्यांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातलं प्रमाण, लागतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१. मेहुण्याचा राखाडी २.८५. हॅश ७७७७७७ सुद्धा ४.४८ वर नापास होतो, ७६७६७६ जेमतेम पास. क्रोममध्ये मजकुरावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडलं आणि रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की हा आकडा दिसतो, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. पण देवनागरीत काठावर पास होऊन भागत नाही. फाँट बारीक असला की अनुस्वार, रफार, उकार आधी पुसट होतात, आकडा काहीही म्हणो. मी आता हॅश २२२२२२ वापरतो, साधारण १६:१.

डार्क हवं तर ठेवा, पण ठार काळ्यावर पांढरंशुभ्र नको. ॲस्टिग्मॅटिझम (डोळ्याचा एक दृष्टिदोष) असलेल्या बऱ्याच जणांना अशी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. हॅश १२१२१२ वर किंचित मळकट पांढरा बरा. त्याहून बरं म्हणजे वाचणाऱ्याच्या फोनवर डार्क किंवा लाइट जे सेटिंग असेल तेच दाखवा, सीएसएसमध्ये (वेबपानाचं रंगरूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) त्याची सोय आहे. आणि अक्षरांचा रंग दिलात तर पार्श्वभूमीचाही स्वतः द्या, ब्राउझरवर सोडू नका.

लिंकखालची रेघ काढू नका. नुसत्या रंगावर लिंक ओळखायला लावणं म्हणजे रंगांधळ्या माणसाला बाहेर ठेवणं. मेहुण्यानं रेघाही काढल्या होत्या. मी परत घातल्या.

हां, २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या शीर्षकांना ३:१ चालतं, तिथे फिका रंग वापरायला हरकत नाही. आमच्या साहेबांनी नेमकी तीच काळीकुट्ट ठेवली होती.