वाचकांचे प्रश्न : घराच्या डीडवर (मालकीच्या दस्तावर) पत्नीचे नाव घालताना

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसन येथे राहतो. घर घेतले तेव्हा पत्नी एच-४ व्हिसावर होती आणि तिला उत्पन्न नव्हते, त्यामुळे कर्ज आणि मालकी दोन्ही माझ्या एकट्याच्या नावावर झाले. आता दोघांनाही ग्रीन कार्ड मिळाले असून घरावर तिचेही नाव असावे, अशी माझी इच्छा आहे. इंटरनेटवरून क्विटक्लेम डीडचा नमुना घेऊन नोटरीपुढे सही केली की काम होते, असे एका स्नेह्यांनी सांगितले. हे आपल्याकडील हक्कसोडपत्रासारखेच असते का? आणि कर्जाचे काय होईल?

उत्तर : आपल्याकडे हक्कसोडपत्र हे एका सहहिस्सेदाराने दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात करायचे असते, बहिणीने वडिलोपार्जित घरातील हिस्सा भावासाठी सोडला, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. क्विटक्लेम डीडला अशी मर्यादा नाही. ते कोणीही कोणाच्याही नावे करून देऊ शकतो, आणि देणारा त्यात एवढेच म्हणतो, की या मिळकतीत माझा जो काही हक्क असेल तो मी तुम्हाला देत आहे. हक्क आहेच, त्यावर बोजा नाही, दुसऱ्या कोणाचा दावा नाही, यांपैकी कशाचीही हमी तो देत नाही. म्हणूनच पैसे मोजून परक्याकडून घर घेताना हा दस्त कधीही स्वीकारू नये. पतिपत्नींमध्ये मात्र घराचा सारा इतिहास दोघांना ठाऊक असतो, त्यामुळे हमी नसण्याने सहसा अडत नाही.

आपल्या बाबतीत खरी जोखीम मजकुरात आहे. तयार नमुन्यात देणाऱ्याच्या रकान्यात पतीचे नाव आणि घेणाऱ्याच्या रकान्यात फक्त पत्नीचे नाव लिहिले, तर तिचे नाव वाढत नाही, आपले नाव निघून जाते आणि संपूर्ण घर तिच्या एकटीच्या मालकीचे होते. देणारे आपण एकटे आणि घेणारे आपण दोघे, अशीच रचना हवी, आणि दोघांच्या नावांपुढे ‘पतिपत्नी’ हा उल्लेख हवा. त्या उल्लेखामुळे न्यू जर्सीत दोघांची मालकी ‘टेनन्सी बाय द एंटायरटी’ या प्रकारची होते : एकाच्या पश्चात संपूर्ण घर आपोआप दुसऱ्याचे होते आणि हयातीत एकाला दुसऱ्याच्या संमतीविना आपला हिस्सा विकता येत नाही. त्याऐवजी ‘टेनंट्स इन कॉमन’ असे शब्द पडले, तर प्रत्येकाचा हिस्सा वेगळा राहतो आणि मृत्यूनंतर तो मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे जातो. दोन शब्दांच्या फरकाने पुढे कुटुंबाला कोर्टाची पायरी चढावी लागू शकते, म्हणून हा मजकूर वकिलाकडूनच लिहून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मिळकतीचे वर्णन, ब्लॉक आणि लॉट क्रमांकासह, आपल्या मूळ डीडवरून अक्षरशः उतरवावे. नोटरीपुढे सही झाली म्हणजे काम संपले, हे आपल्या स्नेह्यांचे म्हणणे अपुरे आहे. डीड काउंटी (जिल्हा) क्लर्कच्या कार्यालयात, म्हणजे आपल्यासाठी न्यू ब्रन्सविक येथे, नोंदवले पाहिजे. नोंद झाली नाही तर तिऱ्हाइताविरुद्ध पत्नीचा हक्क दुबळा राहतो. पतिपत्नींमधील अशा हस्तांतराला राज्याच्या हस्तांतरण शुल्कातून सूट आहे. मात्र ही सूट मिळवण्यासाठीचे प्रतिज्ञापत्र आणि विक्रेत्याच्या निवासाबाबतचा राज्याचा फॉर्म सोबत जोडावा लागतो.

आता कर्ज. डीड मालकी बदलते, कर्जाचा करार बदलत नाही. पत्नीचे नाव डीडवर आले तरी कर्ज आपल्या एकट्याच्याच नावावर राहील. गहाणखतात बहुधा असे कलम असते, की मालकी बदलल्यास बँक संपूर्ण कर्ज एकरकमी मागू शकते. परंतु १९८२ च्या गार्न–सेंट जर्मेन कायद्यानुसार राहत्या घराच्या मालकीत पती किंवा पत्नी आल्यास बँकेला हे कलम वापरता येत नाही. तरीही बँकेला लेखी कळवून ठेवावे. डीडने कर्ज बदलत नाही, या नियमाची दुसरी बाजू घटस्फोटाच्या वेळी फार त्रासदायक ठरते. घर सोडून जाणारा जोडीदार क्विटक्लेम डीडवर सही करतो, मालकी गमावतो, पण कर्जावरचे त्याचे नाव तसेच राहते आणि दुसऱ्याने हप्ते थकवले तर पत त्याचीही जाते. अशा वेळी ज्याच्याकडे घर राहणार आहे, त्याने रीफायनान्स करून, म्हणजे जुने कर्ज फेडणारे नवे कर्ज काढून, ते स्वतःच्या एकट्याच्या नावावर घेईपर्यंत सोडून जाणाऱ्याने सही देऊ नये.

टायटल विम्याकडे, म्हणजे मालकी हक्कात दोष निघाल्यास संरक्षण देणाऱ्या विम्याकडे, बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आपली पॉलिसी आपल्या नावाची आहे. नव्याने मालक झालेल्या पत्नीला त्या पॉलिसीचे संरक्षण आपोआप मिळेलच असे नाही. सहीपूर्वी विमा कंपनीला विचारून पत्नीचे नाव पुरवणीने जोडून घ्यावे. माझे मत विचाराल तर न्यू जर्सीत घरखरेदीसाठी सर्रास वापरले जाणारे ‘बार्गेन अँड सेल डीड’ आपल्यालाही अधिक बरे. त्यात देणारा निदान एवढी हमी देतो, की स्वतः मी या घरावर कोणताही बोजा चढवलेला नाही, आणि अशी हमी विम्याच्या दृष्टीने उपयोगी पडते.

राहिला कर. पत्नी अमेरिकन नागरिक असती, तर भेटकराचा प्रश्नच नव्हता; पतिपत्नींमधील भेटीला अमर्याद सूट आहे. ती ग्रीन कार्डधारकाला मिळत नाही. त्याऐवजी वार्षिक मर्यादा असते, जी २०२५ साठी १,९०,००० डॉलर होती. त्यापलीकडच्या भेटीसाठी फॉर्म ७०९ हे भेटकराचे विवरणपत्र भरावे लागते. मात्र वर सांगितलेल्या प्रकारची, म्हणजे एकाच्या पश्चात दुसऱ्याला जाणारी जोडमालकी केली, तर ती करतेवेळी भेट मानली जात नाही. घर विकून आलेली रक्कम वाटून घ्याल, तेव्हा हा प्रश्न उभा राहतो. तोवर पत्नी नागरिक झाली असेल, तर तोही राहत नाही.

प्रश्न : आई अमेरिकन नागरिक असून टेक्ससमध्ये शुगर लँड येथे एकटी राहते. प्रोबेट (मृत्यूनंतर मिळकत वारसांकडे देण्याची कोर्टाची प्रक्रिया) टळावे म्हणून ती राहते घर आत्ताच क्विटक्लेम डीडने माझ्या नावावर करू इच्छिते. हे योग्य होईल का?

उत्तर : माझ्या मते नाही. समजा, आईंनी घर १,५०,००० डॉलरना घेतले आणि आज त्याची किंमत ६,००,००० डॉलर आहे. हयातीत दिलेल्या घराबरोबर त्यांची मूळ किंमतही आपल्याकडे येते, म्हणजे विक्रीच्या वेळी साडेचार लाखांचा नफा आपल्या नावे धरला जाईल. तेच घर त्यांच्या पश्चात मिळाले, तर मृत्यूच्या दिवशीची बाजारकिंमत ही आपली किंमत ठरते आणि तो सारा नफा करातून सुटतो. शिवाय मेडिकेडवर (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेवर) दीर्घकालीन शुश्रूषेची वेळ आली, तर मागील ६० महिन्यांतील अशी देणगी अडथळा ठरू शकते. पासष्टीनंतर टेक्सासमध्ये राहत्या घरावरील शाळा-कराला जी कमाल मर्यादा लागते, ती मालकी गेल्यावर आईंना राहणार नाही. आपल्यावर उद्या कोणाचा दावा झाला, तर त्यांचे छप्परच त्यात ओढले जाईल, आणि या वयात त्यांच्यावर ती वेळ येऊ नये. त्याखेरीज टेक्ससमधील टायटल कंपन्या क्विटक्लेमकडे साशंकतेने पाहतात, त्यामुळे पुढे विक्रीही अडू शकते.

प्रोबेट टाळण्यासाठी टेक्ससने २०१५ पासून ‘ट्रान्सफर ऑन डेथ डीड’ उपलब्ध केले आहे. त्यात हयातीत पूर्ण मालकी आईंचीच राहते, त्यांना ते केव्हाही रद्द करता येते आणि त्यांच्या पश्चात घर थेट आपल्याकडे येते. ते आईंच्या हयातीतच फोर्ट बेंड काउंटी क्लर्ककडे नोंदवलेले असले पाहिजे. सही करून कपाटात ठेवलेल्या डीडचा उपयोग होत नाही.