स्टेअरिंग तिरकं झालंय? अलाइनमेंटच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रात्री पावसात वळताना स्विफ्टचं डावं पुढचं चाक फूटपाथच्या दगडावर आदळलं, वेग 30 च्या आसपास. आता सरळ रस्त्यावर स्टेअरिंग थोडं तिरकं राहतं, बाकी गाडी नेहमीसारखी वाटते. टायरवाला म्हणतो, अलाइनमेंट करून घ्या, सरळ होईल. शनिवारी पुण्याहून कोल्हापूरला जायचंय, तर एवढ्यावर भागेल का?

नाही भागणार. आदळेपर्यंत सरळ असलेलं स्टेअरिंग आदळल्यावर तिरकं झालं, म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा जागचं हललंय. अलाइनमेंटवाला टाय रॉडचे, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचे, आटे फिरवून चाकांची दिशा जुळवतो, स्टेअरिंग सरळ दिसायला लागतं, पण वाकलेला भाग तसाच राहतो. माझ्या आधीच्या गाडीला नेमकं हेच झालं. अलाइनमेंट केली, निर्धास्त झालो, आणि साधारण तीन हजार किलोमीटरमध्ये त्या टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत झिजली. गाडी वर उचलल्यावर कळलं, टाय रॉड वाकलेला होता. मधल्या काळात मी घरच्यांना घेऊन त्याच टायरवर घाट उतरलो होतो. आजही आठवलं की पोटात गोळा येतो. म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

सुरुवात टायरपासून करा. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे आतली बाजूही दिसेल. बॅटरीच्या उजेडात बघा आणि तळव्याने चाचपडा. अर्ध्या लिंबाएवढा जरी फुगा हाताला लागला तरी टायर गेला समजा. आतले धागे तुटलेत आणि हवा तिथून बाहेर ढकलतेय. आतून पॅच मारून देतो असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, त्याला दुरुस्ती नाही. मग रिम: जॅकवर चाक उचला, रिमच्या कडेजवळ पेन स्थिर धरा आणि चाक हळू फिरवा. पेन आणि रिममधली फट कमी-जास्त झाली तर रिम वाकलीय. अलॉय असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. थोडी वाकलेली अलॉय मशीनवर सरळ होते. तडा गेलेली मात्र वेल्डिंग करून लावू नका, नवीन घ्या.

आता घरी करण्यासारखं सगळ्यात उपयोगी काम, ज्याला फक्त टेप लागतो. सपाट जागी गाडी उभी करा, पुढची चाकं नजरेने सरळ ठेवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. तीन-चार मिलिमीटरचा फरक टेप धरण्यातही पडतो. पण डावीकडचं अंतर सेंटिमीटरभर कमी भरलं, तर चाक मागे ढकललं गेलंय, आणि पहिला संशय लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या भागावर. मडगार्ड आणि टायरमधली पुढची-मागची फटही दोन्ही बाजूंना ताडून बघा.

गॅरेजमध्ये गाडी वर घेतल्यावर चाक वर-खाली धरून हलवायला सांगा. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा सांधा). डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर बहुधा टाय रॉड एंड. डावा लोअर आर्म आणि टाय रॉड उजव्या बाजूच्यांशी ताडून बघा. आर्मच्या बुशजवळ (टोकाच्या रबराजवळ) पत्र्याला सुरकुती, रंगाचा पापुद्रा उडून उघडं पडलेलं लोखंड, ही वाकल्याची खूण. आर्म गरम करून, हातोड्याने सरळ करून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला हात जोडा. चाक ज्याच्यावर टिकतं तो भाग नवाच हवा. शॉकअपची दांडी वाकलीय का आणि एक्सलच्या रबर बूटमधून ग्रीस बाहेर आलंय का, तेही बघून घ्या.

अलाइनमेंट मशीनवर गाडी जरूर चढवा, पण तपासणीसाठी. काहीही फिरवायच्या आधीच्या आकड्यांचा कागद मागून घ्या. या गाडीत पुढचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे झुकाव) सहसा जुळवता येत नाही, फक्त टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) जुळवता येतो. त्यामुळे डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला, तर शॉकअप, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा आर्म यांपैकी काहीतरी वाकलंय. डावा कास्टर कमी आला तर आर्म मागे गेलाय, आणि अशी गाडी डावीकडे ओढते.

विम्याचा दावा करायचा असेल तर भाग खोलण्याआधी कंपनीला कळवा, फोटो काढून ठेवा. साध्या पॉलिसीत टायरचे निम्मेच पैसे मिळतात, तेही गाडीचं इतर नुकसान झालं असेल तरच. नुसती रिम आणि टाय रॉड असेल तर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) घालवण्याआधी हिशोब करा.

राहिलं कोल्हापूर. टायरला फुगा नाही, टेपने दोन्ही बाजू सारख्या भरल्या, कुठे खेळ किंवा वाकलेला भाग नाही आणि कॅम्बर-कास्टर ठीक आले, तर टो जुळवून शनिवारी निघा. यातलं एकही बिघडलेलं निघालं तर एसटीने जा, गाडी गॅरेजमध्ये ठेवा. महामार्गावर 80-90 ला टायर फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही. पहिला कागद मिळाला की चारही चाकांचे आकडे कळवा, बघून सांगतो.