कडप्प्याचा ओटा फोडायचा का?

प्रश्न : घर तीस वर्षांचं. कडप्प्याचा ओटा पांढुरका पडलाय, चार इंची टाइल्सचे सांधे काळे झालेत, सिंकखालची प्लायची दारं फुगलीत. हाताशी वीस हजार आहेत. ओटा फोडून ग्रॅनाइट बसवू का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, ओटा फोडू नका. फोडला की टाइल्सची खालची रांग निघते, नळजोडणी उकलावी लागते आणि दारांसाठी पैसाच उरत नाही.

कडप्पा हा चुनखडीचा दगड. बोअरच्या जड पाण्याचे डाग काढायला आपल्याकडे सर्रास ॲसिड ओततात, त्यात डागाबरोबर पॉलिशही जातं. कापलेलं लिंबू पालथं राहिलं की खाली पांढरं वर्तुळ उमटतं, तोच प्रकार. दगड आतून शाबूत असतो. फरशी पॉलिशवाल्याकडून हातमशीनने, पाणी सोडत, जाड पॅडपासून बारीक पॅडपर्यंत घासून घ्या. पूर्ण वाळला की दगडाचं सीलर, म्हणजे पाणी-डाग मुरू न देणारा लेप, लावा.

त्याआधी सिंक बघा. दारं बहुतेक वेळा सिंक आणि दगडामधल्या फटीतून झिरपणाऱ्या पाण्यानेच फुगतात. ती फट तशीच ठेवली तर नवी दारंही वर्षा-दोन वर्षांत जातील. जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडा, एक दिवस सिंक कोरडं ठेवा, मग न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको; त्यातून सुटणारं ॲसिड कडप्प्याला खातं.

टाइल्सचे सांधे पॉलिशनंतरच भरा, नाहीतर पॉलिशचा चिखल ओल्या ग्राउटवर, म्हणजे सांध्यांत भरलेल्या मसाल्यावर, उडतो. टाइल नाण्याने वाजवा. बद्द आवाज आला तर ती पोकळ आहे, आधी काढून पक्की बसवा. सांधे हॅक्सॉ ब्लेडने तीनेक मिलिमीटर कोरा, धूळ झाडा आणि इपॉक्सी ग्राउट दाबून भरा. तीस चौरस फुटांना साधारण किलोभर लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात ते झपाट्याने घट्ट होतं, म्हणून सकाळी लवकर आणि त्याचे वेगवेगळे भाग वजन करून थोडं थोडंच कालवा. टाइलवरचा थर लगेच ओल्या स्पंजने पुसा. वाळला की निघता निघत नाही.

दारांसाठी नवे खोके करू नका. ओट्याखाली कडप्प्याचेच उभे पाट असतील तर त्यांनाच ॲल्युमिनियमची चौकट आणि पीव्हीसीची दारं बसवा. दार जमिनीपासून इंचभर वर ठेवा, म्हणजे फरशी धुताना पाणी लागणार नाही. निम्मे पैसे याच कामाला राखून ठेवा.