‘तिथे डिलिव्हरी करायला मिळेल’

ताई, मी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका एजन्सीतर्फे युगांडातल्या खेड्यातल्या दवाखान्यात चार आठवडे स्वयंसेवक म्हणून जाता येतं. खर्च पावणेदोन लाख. आत्या पैसे देते म्हणाली. बाबा म्हणतात, ‘सेवाच करायची तर मेळघाट काय ओस पडलाय?’ इथे वॉर्डात आमच्या वाट्याला टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं) आणि बेड मेकिंग. तिथे टाके घालायला, डिलिव्हरी करायला मिळेल, असं एजन्सी सांगते. पुढे परदेशी नोकरीलाही उपयोग होईल. जाऊ का?
– एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

बाळ,

बाबांचा टोमणा तूर्त बाजूला ठेवू. मला खटकलं ते ‘डिलिव्हरी करायला मिळेल’. अगं, ती कुणाची तरी डिलिव्हरी आहे! सिव्हिलच्या लेबर रूममध्ये ट्यूटर शेजारी नसताना तू पेशंटला हात लावलास, तर इनचार्ज सिस्टर तुला बाहेर काढतील, आणि योग्यच करतील. विमानात बसल्याने हा नियम सुटत नाही.

युगांडात आपल्या पीएचसीसारखी (प्राथमिक आरोग्य केंद्रासारखी) ‘हेल्थ सेंटर थ्री’ असतात. तिथे बाळंतपणं स्थानिक मिडवाइफ करतात. पुष्कळदा बाई येताना स्वतःचं ‘मामा किट’ घेऊन येते: प्लॅस्टिकचा कागद, हातमोजे, ब्लेड, कापूस, नाळ बांधायचा दोरा. जिथे हातमोजेसुद्धा पेशंटने आणायचे, तिथे तुझ्या सरावाला लागणारी प्रत्येक जोडी कुणाच्या तरी वाट्याची असते. आणि कळा देणाऱ्या त्या बाईशी तू बोलणार कशी? इंग्रजी तिथली राजभाषा खरी, पण खेड्यातली बाई लुगांडा किंवा लुसोगा बोलणार. ‘आता जोर दे’, ‘आता थांब’ एवढंही तुला सांगता येणार नाही.

त्याच देशात जिंजाला एक अमेरिकन तरुणी कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवायची. वैद्यकीय शिक्षण नसताना ती उपचार करते, असा आरोप करत दगावलेल्या मुलांच्या आयांनी 2019 मध्ये कोर्टात धाव घेतली. 2020 मध्ये तडजोड झाली, दोष कबूल न करता. तिचा हेतू वाईट होता, असं मी म्हणत नाही. तुझाही नाही.

म्हणून एजन्सीला लेखी विचार. माझ्यावर देखरेख करणारी स्थानिक नर्स कोण? विद्यार्थ्याने पेशंटला हात लावायला युगांडाच्या नर्सेस अँड मिडवाइव्ह्ज कौन्सिलची परवानगी आहे का? टुरिस्ट व्हिसावर हे काम चालतं का? पावणेदोन लाखांतले दवाखान्याला किती पोचतात? उत्तरात नुसते हसऱ्या मुलांचे फोटो आले, तर तिथेच थांब.

उत्तरं चोख आली तरी घाई नको. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी हवी; तो दाखला नसेल तर परतताना विमानतळावरूनच क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. हिपॅटायटिस बीचे डोस पुरे झालेत का बघ. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घे. सुई टोचली तर एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. ती त्या दवाखान्यात आहेत का, हे निघण्याआधी विचार. आणि सेमिस्टर चालू असताना तर जाऊच नकोस. बुडलेलं पोस्टिंग भरून काढेपर्यंत डिग्री अडते, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

राहिली नोकरी. चार आठवड्यांच्या सर्टिफिकेटवर कुठलीही नर्सिंग कौन्सिल नोंदणी देत नाही. जर्मनीला साधारण बी-टू पातळीची भाषा लागते, ब्रिटनला त्यांच्या परीक्षा. तेच पैसे जर्मनच्या वर्गांना लावता येतील.

तरी जायचंच असेल, तर नोंदी, वजनं, लसीकरणाची रांग, जे तिथली सिस्टर सांगेल ते करायच्या तयारीने जा. तेही टीपीआरच आहे म्हण ना! ते चालत असेल तर माझी हरकत नाही.

टाके आणि डिलिव्हरीसाठी मात्र आधी आपल्या ट्यूटरना गाठ. जिथे बाळंतपणं जास्त होतात अशा ग्रामीण रुग्णालयात सुट्टीतलं जादा पोस्टिंग मिळेल का, असा रीतसर अर्ज दे. बाबांना मेळघाटाबद्दल तावातावाने उत्तर देऊ नकोस. तिथे जायचं तर तिथली कोरकू भाषाही शिकावी लागेल, एवढं सांग. आत्याला मात्र आजच फोन कर. पैसे नकोत म्हणून नव्हे, जर्मनच्या वर्गाला देशील का, हे विचारायला.